भाज्याचा ठेका, टॅबलेटवरचा सूर

भाजे लेण्यांतल्या सूर्यगुंफेत एक स्त्री चर्मवाद्यांच्या जोडीवर ठेका धरते आहे, शेजारी दुसरी नाचते आहे. शिल्प दोन हजार वर्षांहून जुनं! त्याच डोंगराच्या पायथ्याशी आज टॅबलेटवर सिंथेसायझर वाजवता येतो. आमच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांत तो दोघांनी उचलून मंचावर चढवावा लागे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँडच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. २०१०मध्ये त्या रागांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा कुठे जगाने कान टवकारले. आता तुम्हीही करून पाहा: टॅबलेटवर ध्वनिलहरीचा आकार निवडा, फिल्टर सावकाश उघडा. दबलेला स्वर धारदार होत जातो. सुरुवातीला भूप राग घ्या, पाचच स्वर आहेत. खाली षड्ज मात्र धरून ठेवा.