पहिली नोकरी सोडावी काय?



मी सातवी शिकलेली. संगणकावर काय बोलणार? पण माझी थोरली सीप्झमधल्या एका कंपनीत हेल्पडेस्कवर लागून १४ महिने झाले. कोणाचा पासवर्ड अडला, कोणाचा प्रिंटर रुसला, की तक्रार हिच्याकडे. त्या तक्रारीला तिकीट म्हणतात. मला आपले बसचेच वाटले! आता ती विचारते, "आई, सोडू का गं?"

लागलेली नोकरी सोडू नये, असे तिच्या बाबांचे मत. घराचे हप्ते आहेत, त्यांचेही खरेच. मी तिला निराळे विचारले: गेल्या सहा महिन्यांत नवे काय शिकलीस? ती गप्प बसली. सर्व्हर, नेटवर्क ही कामे वरच्या पायरीची. तिकडे घेता का, हे साहेबांना लेखी विचार, असे मी म्हटले.

शिवाय रात्रपाळी! आपल्या आरेत बिबट्या फिरतो, हे तुम्हांला सांगायला नको. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात बाईला तिच्या संमतीवाचून कामास लावता येत नाही. लावल्यास घराच्या दारापर्यंत वाहन द्यावे लागते. हिची गाडी नाक्यावरच सोडते. तेही अर्जात लिहावयास लावले.

उत्तरासाठी महिनाभर थांबणार. तरी दुसरे नेमणूकपत्र हाती आल्यावाचून राजीनामा नाही. नोटिशीचे दिवस भरून अनुभवाचा दाखला घ्यायचा, आणि भविष्य निर्वाह निधी मोडायचा नाही. तोच यूएएन क्रमांक पुढेही चालतो.

अर्ज सोमवारी दिला. तिचे बाबा अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.