जुन्या इंग्रजी शब्दांचे अर्थ
(ज्युबिली समारंभांत हेमलकसा येथें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या शुभप्रसंगीं शब्दकोशासारखा रुक्ष विषय मीं कां निवडला, असें आपणांपैकीं कित्येकांच्या मनांत येईल. कारण असें कीं, आपलीं मुलें आतां इंग्रजी शिकूं लागलीं आहेत आणि जुनीं इंग्रजी प्रार्थनापुस्तकें व बायबलें अद्यापि आपल्या कपाटांत आहेत. तीं वाचतांना मूल कठीण शब्दापाशीं फसत नाहीं. कठीण शब्दाचा अर्थ तें विचारून घेतें. फसतें तें सोप्या शब्दापाशीं, कारण तो आपणांस ठाऊकच आहे अशी त्याची खात्री असते.

‘घोस्ट’ हाच शब्द घ्या. पवित्र आत्म्याला जुन्या इंग्रजींत ‘होली घोस्ट’ म्हणत. आजच्या मुलाला ‘घोस्ट’ म्हणजे चित्रपटांतलें भूत एवढेंच ठाऊक. तेव्हां तें बिचारें घाबरतें किंवा हसतें. प्राचीन इंग्रजींत या शब्दाचा अर्थ प्राण, आत्मा असा होता. जर्मन भाषेंत त्याचा सख्खा भाऊ ‘गाइस्ट’ अद्यापि त्याच अर्थानें नांदत आहे. इंग्रजींत मात्र तो अर्थ हळूहळू पिशाचापुरता आकुंचित झाला, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कॅथॉलिक उपासनेंतहि ‘होली स्पिरिट’ हा प्रयोग रूढ झाला. यांत इंग्रजीलाच हसण्याचें कारण नाहीं. आपल्या ‘भूत’ शब्दाची गत तीच! मूळ संस्कृत अर्थ ‘झालेलें, अस्तित्वांत आलेलें’. त्यावरून भूतकाळ, पंचमहाभूतें, भूतदया. भूतदया म्हणजे पिंपळावरच्या भुतांवर दया असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. तरी सुटा ‘भूत’ शब्द कानीं पडला कीं पिंपळच आठवतो.

‘सफर’ या क्रियापदाचें तसेंच. (आपली प्रवासाची सफर निराळी.) आज त्याचा अर्थ दुःख सोसणें, परंतु प्रभूनें बालकांना आपणाकडे येऊं देण्यास सांगितलें, त्या ठिकाणीं जुन्या भाषांतरांत हेंच क्रियापद असून तेथें त्याचा अर्थ ‘परवानगी देणें’ असा आहे. ‘कॉर्न’ म्हणजे कोणतेंहि धान्य. शिष्यांनीं शब्बाथ दिवशीं जेथें कणसें मोडलीं तें मक्याचें शेत नव्हे. मका अमेरिकेंतला, आणि कोलंबस १४९२ सालीं तिकडे जाईपर्यंत पॅलेस्टाइनांत तो कोणीं पाहिलाहि नव्हता. ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आज अडविणें, पूर्वीं ‘आधीं येणें’. इंग्लंडचे जेज्वीट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले व १६१६ सालीं त्यांचें मराठी ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापलें गेलें. त्यांच्या कानांतली मायबोली ही अशी जुनी होती.

मग कोशकार काय करितो? डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या कोशांत ग्रंथकारांचे उतारे देऊन अर्थ सिद्ध केले. पुढें १८५७ सालीं डीन ट्रेंच यांनीं लंडनमध्यें निबंध वाचून असें मांडलें कीं, कोशकार हा भाषेचा न्यायाधीश नसून इतिहासकार आहे. त्या चळवळींतून ऑक्सफर्डचा बृहत्कोश निर्माण झाला. पहिला भाग १८८४ सालीं निघाला, अखेरचा १९२८ सालीं. त्यांत सर्वांत जुना अर्थ प्रथम व त्याखालीं सालवार उतारे. शाळेच्या कोशांत याच्या उलट: चालू अर्थ अगोदर आणि जुना शेवटीं, पुष्कळदां मुळींच नाहीं. योगायोग पाहा, त्याच १८५७ सालीं मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. सुमारें ६०,००० शब्दांचा हा कोश पुण्यास १९७५ सालीं पुनः छापला गेला आणि अद्यापि वापरला जातो. तथापि त्यांतला मराठी अर्थ १८५७ च्या इंग्रजींत सांगितला आहे, हें ध्यानांत ठेवूनच तो उघडावा लागतो.

आतां आपल्या रानाकडे येतों, कारण माझी खरी ओढ येथें आहे. ‘सॅव्हेज’ म्हणजे क्रूर, असंस्कृत. मराठी प्रतिशब्द ‘रानटी’. परंतु त्याचें मूळ लॅटिन ‘सिल्वा’, म्हणजे रान. ‘सिल्वातिकुस’ म्हणजे रानांतला; त्यावरून फ्रेंच ‘सोव्हाज’ व त्यावरून इंग्रजी शब्द आला. फ्रेंच लोक रानफुलांना आजहि हेंच विशेषण लावितात, त्यांत निंदा नसते. ‘व्हिलन’ हा मुळीं जमीनदाराच्या शेतावर राबणारा कुळंबी; ‘पेगन’ हा मुळीं खेडवळ. उलट ‘अर्बेन’, म्हणजे शहरांतला, तो सभ्य. मराठींत तरी काय निराळें आहे? ‘नागर’ तो सुसंस्कृत, ‘ग्राम्य’ तो असभ्य, ‘रानटी’ तो क्रूर. ग्रंथ शहरांत लिहिले गेले, कोश शहरांत रचले गेले, आणि शहरानें चांगला शब्द स्वतःकडे ठेवून घेतला. यांत कोशकाराचा दोष मी मानीत नाहीं. लोक जसा शब्द वापरतात तसाच त्यानें नोंदिला पाहिजे. खोटा गोड अर्थ देणारा कोश काय कामाचा?

पण हेमलकशाच्या मुलानें तो वाचावा कसा? आपल्या माडिया बांधवांची भाषा द्राविडी कुळांतली. त्यांस इंग्रजी परकी आणि मराठीहि परकीच. येथें लोक बिरादरी प्रकल्प १९७३ सालीं सुरू झाला, १९७६ सालीं त्याची शाळा निघाली, आणि किती तरी मुलें या परक्या भाषा शिकलीं. असें मूल एके दिवशीं कोश उघडतें आणि आपण ज्या रानांत जन्मलों त्याचेंच विशेषण शिवी म्हणून छापलेलें पाहतें. त्या वेळीं कोणीतरी त्याच्या शेजारीं बसून तो शब्द मुळापर्यंत नेला पाहिजे: आधीं रान, मग रानांतला मनुष्य, मग शहरास वाटलेली त्याची भीति, आणि सर्वांत शेवटीं शिवी.

शब्द वर चढतोहि. ‘नाइस’ हा शब्द लॅटिन ‘नेस्किउस’, म्हणजे अज्ञानी, यापासून निघाला. मध्ययुगीन इंग्रजींत त्याचा अर्थ मूर्ख असा होता. आज तो चांगल्या माणसाला लावितात. एवढें चढण्यास त्याला चारशेंहून अधिक वर्षें लागलीं.

मोल्सवर्थाची एक प्रत मीं चर्चच्या कपाटांत ठेविली आहे. रविवारीं मिस्सा झाल्यावर ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं मुलांना घेऊन यावें.