मूळ प्रतीचा पालक कोण?

(दादर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



जुलै २०२४ मध्ये ‘कू’ हे स्वदेशी समाजमाध्यम बंद पडले. २०२० च्या आत्मनिर्भर अ‍ॅप स्पर्धेत त्याचा गौरव झाला होता. निरोप घेताना संस्थापकांनी मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटल्याचे सांगितले. असे माध्यम चालू ठेवण्याचा तांत्रिक खर्च फार असतो, हेही सांगितले. तेव्हा मनात प्रश्न येतो, परकीय कंपनी नको आणि एकाच स्वदेशी कंपनीवरही विसंबता येत नाही, तर संस्थांनी आपापले चर्चापीठ का उभारू नये?

ते उभारता येते. मॅस्टोडॉन, मॅट्रिक्स या मुक्त प्रणाली त्यासाठीच आहेत. प्रत्येक संस्थेचा सर्व्हर स्वतंत्र, तरी परस्परांत संवाद अखंड. ईमेलची रचना मुळात अशीच आहे. दादरच्या सदस्याने लिहावे, नाशिकच्या सर्व्हरवरील सदस्याने उत्तर द्यावे.

शब्दांचा येथे भार नाही. हजार शब्दांचा मराठी लेख सुमारे २० केबी जागा घेतो. सत्कारसमारंभाची ४० एमबीची चित्रफीत मात्र अशा दोन हजार लेखांची जागा अडवते! आणि ती एकाच ठिकाणी राहत नाही. पन्नास सर्व्हरांवर तिचे वाचक असतील, तर त्या पन्नास ठिकाणी तिच्या प्रती उतरतात. म्हणजे एका हारासाठी २ जीबी.

हा अनुभव नवा नाही. १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या यूजनेटवर परदेशस्थ मराठी मंडळींचाही एक गट होता. रोमन लिपीत तेथे मराठी गप्पा रंगत. तेथेही प्रत्येक सर्व्हर स्वतःची प्रत ठेवी. पुढे फाईलींचे गट अतोनात फुगले. अनेक सेवादात्यांनी ते गट वगळले, काहींनी तर सारे यूजनेटच बंद केले. साठवणुकीचा भार हे त्यामागचे एक कारण होते.

मॅस्टोडॉनने यावर उपाय काढला आहे. अन्य सर्व्हरांवरून आलेल्या चित्रांच्या प्रती ठरावीक दिवसांनी पुसता येतात. पुन्हा हवे असल्यास चित्र मूळ ठिकाणाहून आणले जाते. आपल्या नायगावच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या, १८९८ पासूनच्या संस्थेत जाणाऱ्याला हे सहज उमजेल. दुर्मीळ ग्रंथ गल्लोगल्ली नसतो. तो कोठे आहे याची नोंद मिळाली की वाचक तेथे जातो. पण तेथील एकमेव प्रतच वाळवीने खाल्ली तर ती नोंद काय कामाची?

खरा धोका येथे आहे. बहुधा एखादा उत्साही तरुण सर्व्हर उभारतो आणि भाडे स्वतःच्या खिशातून भरतो. पुढे नोकरीनिमित्त तो परदेशी जातो, भाडे थकते, सर्व्हर बंद होतो. अन्यत्रच्या प्रती मुदत संपल्याने केव्हाच पुसलेल्या असतात. मग जुन्या अहवालांची छायाचित्रे, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती कोठून आणायच्या? चर्चेतील शब्द इतरत्र उरतात; चित्राच्या जागी रिकामा चौकोन दिसतो.

म्हणून संस्थेच्या वार्षिक अंदाजपत्रकात साठवणुकीचे स्वतंत्र शीर्ष असावे, सर्व्हरच्या किल्ल्या किमान दोघांकडे असाव्यात आणि मूळ फाईलींची एक प्रत हार्डडिस्कवर दुसऱ्या गावी ठेवावी. फाईलीच्या आकाराची मर्यादा पहिल्याच बैठकीत ठरवावी. सवयी पडल्यावर ती कोणी पाळत नाही. लग्नाच्या चित्रफिती मात्र नातेवाइकांना पेनड्राइव्हवरच द्याव्यात, ही गृहिणींना विशेष विनंती, कारण या बाबतीत पुरुषमंडळी ऐकत नाहीत.