परवाना निलंबित झाला, पुढे काय?

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील सरपंच, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



जव्हारहून मोखाड्यामार्गे त्र्यंबककडे जाणारा घाटरस्ता आपल्या परिचयाचा आहे. एस.टी. चुकली की प्रवासी जीप हाच आधार. आजारी माणूस, बाळंतपणाला निघालेली भगिनी, आश्रमशाळेतील मुले, हे सारे त्या चालकाच्या हाती असतात. म्हणून त्याचा परवाना ही खाजगी मालमत्ता नव्हे. तो समाजाने टाकलेला विश्वास आहे.

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 185 अन्वये, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. मद्य मोहाचे की बाटलीतले, हा भेद कायदा करीत नाही. दाभोसा धबधब्याकडे येणारा पर्यटक आणि पाड्यावरचा चालक त्याच्यापुढे समान आहेत. 2019 च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी न झाल्यास चालकास कोठडीतून सोडावे लागते. डोंगराळ मुलखात दोन तास अपुरे पडतात. पोलीस ठाणे व रुग्णालय यांनी याची व्यवस्था आधीच करून ठेवणे अगत्याचे आहे.

शिक्षा न्यायालय देते. परवाना प्राधिकारीही कलम 19 अन्वये, चालकाचे म्हणणे ऐकून, परवान्याबाबत निर्णय घेऊ शकतो. अशा प्रकरणी किमान तीन महिने परवाना निलंबित करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये राज्यांना दिले. या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येते. मात्र निलंबनकाळात गाडी चालविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो.

पण घाटाच्या प्रत्येक वळणावर पोलीस उभा राहू शकत नाही. ते तीन महिने खरे ठरवायचे ते गावानेच. जीपमालकाने किल्ली देऊ नये, प्रवाशांनी अशा गाडीत बसू नये. त्याचबरोबर जीपचे हप्ते थांबत नाहीत आणि घरची चूलही थांबत नाही, याचा विसर पडता कामा नये. त्या काळात चालकास गावातच काम मिळवून देणे आणि व्यसन सोडण्यासाठी त्यास आरोग्य केंद्रापर्यंत नेणे, ही पंचायतीची जबाबदारी मानावी.

पुढील ग्रामसभेत हा विषय अवश्य घ्यावा, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.