झिजलेला गेज

मुलांच्या आधी येऊन पुढच्या खुर्च्या धरून बसलेले पालक, आणि भाड्याच्या झग्यात घामाघूम झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

पदवीदानाच्या प्रसंगी स्वप्नांविषयी बोलायची पद्धत आहे. माझं आयुष्य कारखान्यांच्या क्वालिटी विभागात गेलं, त्यामुळे माझा स्वप्नांपेक्षा रिजेक्शनशी जास्त संबंध. तेव्हा तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला कधी ना कधी जे येणार आहे, त्याविषयीच बोलतो. बिघडलेलं ऑफिस.

माझी पहिली नोकरी भोसरीच्या एमआयडीसीत होती. कंपनीचं नाव सांगत नाही. साहेब आरडाओरडा करायचे, पण ते फार महत्त्वाचं नाही. ओरडणारे साहेब चांगल्या कंपन्यांतही असतात. खरा प्रकार महिनाअखेरीला सुरू व्हायचा. मापात न बसलेला माल ग्राहकाच्या लेखी परवानगीने सोडण्याला आमच्या धंद्यात डेव्हिएशन म्हणतात. आमच्याकडे ही परवानगी तोंडी असायची, आणि तीही आमच्याच साहेबांची. ट्रक दारात उभा, रिपोर्टवर सही माझी.

पहिल्यांदा सही केली त्या रात्री झोप लागली नाही. सहाव्या महिन्यात एक नवा ट्रेनी, अशा मालावर सही करायची का, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला म्हणालो, "चालतं रे एवढं." हे मी बोललो, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

टूलरूममध्ये एक जुने फिटर होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी एकदा कॅलिब्रेशनच्या खर्चावरून कुरकुरलो, तेव्हा त्यांनी प्लग गेज हातात दिला. त्याची गो बाजू भोकात गेली पाहिजे, नो-गो जाता कामा नये. पण हजारो भोकांत घासून गो बाजू बारीक होते आणि मग लहान पडलेल्या भोकातही आरामात जाते. वाईट माल पास. अण्णा म्हणाले, "साहेब, गेजला कळत नसतं तो झिजलाय ते. दुसऱ्यानं मोजावं लागतं."

बिघडलेलं ऑफिस आधी तुमची माप घ्यायची ताकद झिजवतं. पगार, बढती, रविवार, हे सगळं नंतर जातं.

हे फक्त भोसरीत घडतं असं समजू नका. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं, सात जण गेले. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं, म्हणजे ओ-रिंग, थंडीत ताठरलं आणि त्यानं सांधा बंद केला नाही. ही कडी जळाल्याच्या खुणा आधीच्या उड्डाणांतही दिसल्या होत्या. पण यान दरवेळी सुखरूप परत आलं, आणि दरवेळी 'एवढं चालतं'ची रेघ थोडी पुढे सरकली. डायान वॉन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर १९९६ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. माप सोडून वागणंच हळूहळू माप होऊन बसतं, असं त्यांचं म्हणणं. तो वाचताना मला आमचा डिस्पॅचचा दरवाजा दिसत होता.

बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीत रॉजर बोझोले नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी ३१ जुलै १९८५ रोजी, अपघाताच्या सहा महिने आधी, आपल्या वरिष्ठांना लेखी कळवलं होतं की हा प्रश्न सुटला नाही तर माणसं जातील. उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर बैठक झाली. इंजिनिअर नको म्हणत होते. तेव्हा तिथल्या अभियांत्रिकी प्रमुखाला त्याच्या वरिष्ठानं सांगितलं की, इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्यानं घातली. केनेडी अंतराळ केंद्रावर असलेल्या याच कंपनीच्या अ‍ॅलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या मंजुरीवर सही करायला नकार दिला. ती वरच्या साहेबांनी केली.

पुढचं सांगितलं नाही तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. चौकशीत खरं बोलल्यावर दोघांनाही बाजूला सारलं गेलं. अमेरिकी संसदेनं दबाव आणल्यावर मॅकडोनाल्डना जबाबदारी परत मिळाली आणि सांध्याची नवी रचना त्यांच्याच देखरेखीखाली झाली. बोझोलेंची प्रकृती ढासळली, त्यांनी कंपनी सोडली. खरं बोलणाऱ्याचं भलंच होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मात्र चौकशी आयोगासमोर तारखेचा कागद होता. तो नसता तर आदल्या रात्री कोण काय म्हणालं यावर नुसती वादावादी झाली असती.

म्हणून एक वही ठेवा. साधी, शाळेची. तारीख, काय सांगितलं गेलं, कोणी सांगितलं, मी काय केलं. शेरे नकोत, शिव्या तर नकोतच. साहेबांनी तोंडी सांगितलेलं काम असेल तर संध्याकाळी दोन ओळींची मेल टाका: 'आज ठरल्याप्रमाणे अमुक करत आहे.' भांडण नाही, तक्रार नाही. पण या दोन ओळींनी पुष्कळ तोंडी परवानग्या आपोआप बंद होतात. कंपनीची ड्रॉइंग्ज आणि ग्राहकांची माहिती मात्र घरी नेऊ नका. पुरावा गोळा करता करता चोर ठराल.

आणि कॅलिब्रेशन बाहेर करा. टपरीवर रोज बरोबर चहा घेणारे सहकारी जिवाभावाचे असतील, पण तेही त्याच लाईनवर झिजलेले गेज. आज शेजारी बसलेला मित्र वर्षभरानं दुसऱ्या कंपनीत असेल, त्याला महिन्यातून एकदा फोन करा आणि विचारा, "तुमच्याकडे असं चालतं का?" तो फोनवर गप्प झाला तर समजून घ्या.

आता पैशाचं. पहिल्या पगारावर कर्जानं मोठी गाडी घेऊ नका. पालकांना हे आवडेल, मुलांना नाही. हप्ता चालू असला की नको म्हणताना जीभ जड होते; मी स्वतः स्कूटरच्या हप्त्यापायी चार महिने जास्त राहिलो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत साधं राहा. पगारातून कापलेला पीएफ खात्यात खरंच जमा होतो का, ते पासबुकात बघत जा. नेमणुकीचं पत्र सही करण्याआधी वाचा, विशेषतः नोटीस पीरियड. रागाच्या भरात सोडून गेलात तर रिलिव्हिंग लेटरसाठी त्याच दारात चकरा माराव्या लागतात.

मुलींना, आणि मुलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, एक वेगळं सांगतो. लैंगिक छळ हा 'अ‍ॅडजस्ट करा'च्या खात्यात टाकायचा विषय नाही. २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे, म्हणून 'बघू पुढे' म्हणत बसू नका. तिथेही तारखेची वही उपयोगी पडते.

राहायचं की सोडायचं, याचं सूत्र माझ्याकडे नाही. घरी आजारी वडील असलेल्या मुलाला 'उद्याच राजीनामा दे' असं सांगणारे वक्ते मला आवडत नाहीत. राहिलात तर रोज एखादं काम असं करा की जे पुढच्या कंपनीत उपयोगी पडेल. मी त्या काळात संध्याकाळी थांबून अण्णांकडून गेज तपासायला शिकलो. ती विद्या नंतर मला तीस वर्षं पुरली, आणि ती त्याच बिघडलेल्या कंपनीत मिळाली, हेही कबूल करायला हवं.

शेवटी दुसरी नोकरी हातात धरूनच बाहेर पडायचं ठरवलं. चाकणच्या मुलाखतीत विचारलं, आधीची का सोडताय? आदल्या रात्री मनातल्या मनात लांबलचक कैफियत मांडून झाली होती. प्रत्यक्षात एवढंच म्हणालो, "कामाच्या पद्धतीवरून आमचं जुळलं नाही." समोरचे गृहस्थ माझ्या अर्जाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी होतो तिथे दोन वर्षं. अजून डेव्हिएशन तोंडीच घेतात का?"

मी हो म्हणालो. त्यांनी चहा मागवला.