आकाशवाणीचा एक श्रोता

(एका बुद्धविहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



हे मी सभेत बोललो तेव्हा समोर साठसत्तर माणसे होती. छापण्यासाठी ते आपणांस उद्देशून पुन्हा लिहून काढीत आहे, कारण माझ्या प्रश्नावर त्या सभेत दोन तट पडले आणि कौल मिळाला नाही. मी विद्वान नव्हे, संगीतज्ञ तर मुळीच नव्हे. सत्तर वर्षे रेडिओ ऐकत आलेला एक माणूस, एवढाच माझा अधिकार.

आकाशवाणीचे ब्रीदवाक्य आपण सर्वांनी पाहिले असेल : ‘बहुजन हिताय बहुजन सुखाय’. लहानपणी मला वाटे, हा कोण्या पुराणातील श्लोकाचा तुकडा असावा. पुढे कळले की हे शब्द विनयपिटकातील महावग्गातून आले आहेत. भगवान बुद्धांनी सारनाथच्या परिसरात आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना लोकांमध्ये धाडले, तेव्हाचे ते आहेत. दोघांनी एका वाटेने जाऊ नये, असेही त्यांनी तेव्हा बजावले होते. ध्वनिक्षेपणाच्या खात्याला याहून समर्पक वचन सापडले नसते. ज्या दिवशी मला हे कळले, त्या दिवसापासून मी रेडिओ थोड्या हक्काने ऐकू लागलो, आणि तक्रारही हक्काने करू लागलो.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले, त्या वेळी आमच्या सबंध चाळीत एकच रेडिओ होता. त्याच्या परवान्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे, म्हणून तो धनी मोठ्या ऐटीत असे. पण माणूस दिलदार. दार उघडे ठेवी. दाराबाहेर आम्ही पोरे आणि तांदूळ निवडीत बसलेल्या बाया, असा आमचा श्रोतृवर्ग होता.

1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीस, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. दर आठवड्यास एक नवे गीत, असे ते वर्षभर चालले. माडगूळकरांची छपन्न गीते आणि फडक्यांच्या चाली. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण चाल तिच्या कानात एकदा शिरली की निघत नसे. शबरीचे गीत तिचे विशेष आवडते. ते लागले की तिचा हात सुपात थांबे.

आता याच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवा. 25 डिसेंबर 1954 रोजी देहूरोड येथे पूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. वडिलांनी मला तेथे नेले होते. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. वडील तेथे गेले आणि परत येताच घरातील देव त्यांनी मुळा नदीत सोडले. काही आठवड्यांनी आईनेही दीक्षा घेतली. राम व कृष्ण यांना देव मानणार नाही व त्यांची उपासना करणार नाही, ही प्रतिज्ञा तिने मोठ्याने म्हटली, हे मी पाहिले आहे.

आणि त्यानंतर एका सकाळी ती भाकरी थापता थापता तीच चाल गुणगुणू लागली. वडील संतापले. म्हणाले, “बावीस प्रतिज्ञा घेतल्यास ना? मग तोंडात राम कसा?” आई तव्यावरून नजर न उचलता म्हणाली, “हात कुठं जोडले मी? गाणं ऐकलं तुमच्यादेखत. ऐकायलाबी आता बंदी हाय का?” वडील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

सभेत तट पडले ते याच प्रश्नावर. तरुणांपैकी पुष्कळांचे म्हणणे, वडिलांचेच बरोबर होते; गोड चालीतूनच जुने देव घरात परत शिरतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु प्रतिज्ञा पूजेविषयी आहे, कानाविषयी नाही, असे माझे मत आहे. ज्या लोकांना शतकानुशतके ऐकण्याचीच मनाई होती, त्यांनी आपल्या हाताने कानांवर नवी बंदी घालून घ्यावी, हे मला रुचत नाही. ऐकावे, मात्र झोपेत ऐकू नये.

मी जागेपणी ऐकू लागलो तो बाबासाहेबांचा 1936 सालचा जातिनिर्मूलनावरील ग्रंथ वाचल्यावर. शंबूकाच्या वधाचा अर्थ त्यात त्यांनी सांगितला आहे. मग मी छपन्न गीते पुन्हा क्रमाने ऐकली. शबरी आहे, शंबूक नाही. कोणी म्हणेल, शंबूकाची कथा उत्तरकांडातील, ती गाळली म्हणून काय बिघडले? पण सीतात्यागही उत्तरकांडातीलच आहे आणि त्यावर गीत आहे. उष्टी बोरे देणाऱ्या भिल्लिणीस चाल मिळाली, तप करणाऱ्या शूद्रास मिळाली नाही. कवीवर माझा राग नाही, कवीला निवडीचा अधिकार असतो. श्रोत्यालाही विचारण्याचा असतो. आईला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली. नंतरही ती शबरीचे गीत गुणगुणे, पण मध्येच थांबे.

काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर महाराष्ट्राच्या संस्कृतीविषयी एक भाषण ऐकले. केंद्राचे नाव सांगत नाही. संत झाले, पेशवाई झाली, नाट्यसंगीत झाले. चोखामेळा एका वाक्यात आला आणि गेला. जोतीराव नाहीत, आंबेडकरी जलसे नाहीत. सर्वांत नवल हे की कार्ले आणि भाजे यांची लेणीही नाहीत! कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांचे लेख कोरलेले आहेत. त्यांत धेनुकाकटचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवन आहेत. सुताराचे नाव खांबादारांवर कोरून ठेवणारी संस्कृती वक्त्यांच्या हिशेबी महाराष्ट्राची नव्हतीच काय? मी सविस्तर पत्र लिहिले. पंधरवड्याने छापील आभारपत्र आले.

तरीही न्यायाने बोलले पाहिजे. याच आकाशवाणीवरून 3 ऑक्टोबर 1954 रोजी बाबासाहेबांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले : स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतली नसून बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. ते भाषण मी पुढे छापील स्वरूपात वाचले. ऐकावयास मिळाले नाही याची हळहळ अजून आहे.

आणखी एक गोष्ट. 1956 च्या आरंभी पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि आपले म्हणणे केंद्राला कळवावयाचे, अशी ती योजना होती. वीस कार्यक्रम झाले. माझ्या आजोळच्या गावी असे मंडळ नव्हते, चावडीवर नुसता रेडिओ होता आणि आजोबा पायरीखाली बसून तो ऐकत. त्यांचे म्हणणे कोणी विचारले नाही. म्हणून मला ती योजना फार मोलाची वाटते. श्रोत्याने उलट बोलावे, ही त्यात सोय होती.

कार्ल्याच्या लेखांवर एक स्वतंत्र भाषण ठेवावे, अशी विनंती करणारे दुसरे पत्र मी गेल्या आठवड्यात टपालात टाकले आहे. या वेळी त्यावर सभेतील एकेचाळीस जणांच्या सह्या आहेत. आईच्या बाजूचे आणि वडिलांच्या बाजूचे, दोघांच्याही.