अब्बांबरोबर पॅरिस ते बुडापेस्ट




सुट्टीतल्या प्रवासाबद्दल बोल, असं मला सांगण्यात आलं. ते तर मी बोलणारच आहे. पण त्या प्रवासात माझ्याकडून एक चूक झाली, तीही सांगणार आहे. खरं म्हणजे ती सांगण्यासाठीच मी इथे उभी आहे.

माझे अब्बा मिरजेला रेल्वेत पॉइंट्समन होते. पॉइंट्समन म्हणजे सांधेवाला. गाडी कोणत्या रुळावर घ्यायची, तो सांधा लावणारा माणूस. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या मार्गाला लावल्या. स्वतः मात्र पासावर अजमेर, दिल्ली आणि हैदराबाद, एवढंच पाहिलं. मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हाच ठरवलं होतं, की अब्बांना एकदा परदेशातल्या रेल्वेत बसवायचं. त्यासाठी दोन वर्षं पैसे साठवले आणि 2025 च्या मे महिन्यात आम्ही दोघं निघालो.

मार्ग अब्बांनीच निवडला. 1883 मध्ये पॅरिसहून पहिली ओरिएंट एक्स्प्रेस सुटली, ती स्ट्रासबुर्ग, म्युनिक, व्हिएन्ना करत बुडापेस्टला गेली आणि तिथून पुढे पूर्वेकडे. ते म्हणाले, "याच वाटेने जाऊ." म्हणजे फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि हंगेरी, असे चार देश.

तुमच्यापैकी काही जण जाल, म्हणून आधी कामाचं सांगते. या चारही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. आमच्या सर्वांत जास्त रात्री फ्रान्समध्ये होत्या, म्हणून आम्ही फ्रान्सकडे केला. किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण दाखवावं लागतं. रेल्वेसाठी युरेल पास घेतला. त्यात 27 वर्षांपर्यंतच्या तरुणांना सवलत असते आणि साठीच्या पुढच्यांनाही. मात्र पास आहे म्हणून कुठल्याही गाडीत चढता येत नाही. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जर्मनी-ऑस्ट्रियातल्या दिवसाच्या बहुतेक गाड्यांना ते सक्तीचं नसतं. जेवणाची चिंता करू नका. स्टेशनजवळ तुर्की माणसाचं दुकान बहुतेक ठिकाणी सापडतं, आणि पाव, चीज, फळं तर कुठेही मिळतात.

पॅरिसहून स्ट्रासबुर्गला गाडी ताशी 320 किलोमीटरने जाते. अब्बांना त्याचं फार कौतुक वाटलं नाही. त्यांचं लक्ष रुळांवर. दुसऱ्या दिवशी आम्ही स्ट्रासबुर्गहून जवळच्या कोलमार गावी लोकलने निघालो, आणि पाच मिनिटांत अब्बा उठून खिडकीशी उभे राहिले.

"बेटा, गाडी उजवीकडून चाललीय."

"मग?"

"पॅरिसला डावीकडून चालत होती. आपल्याकडेही डावीकडूनच चालते."

मी फोनवर शोधलं, तर ते बरोबर निघालं. फ्रान्समध्ये गाड्या डाव्या रुळाने धावतात. पण आल्सास हा प्रांत 1871 मध्ये जर्मनीने जिंकला आणि तिथली रेल्वे जर्मन पद्धतीची झाली, म्हणजे उजवीकडून. 1918 नंतर प्रांत फ्रान्सकडे परत आला, 1940 मध्ये पुन्हा जर्मनीने घेतला, युद्ध संपताना पुन्हा फ्रान्सकडे. पंचाहत्तर वर्षांत लोकांचं राष्ट्र चार वेळा बदललं. रूळ मात्र उजवीकडचेच राहिले. मग जुन्या सीमेजवळ डावीकडची गाडी उजवीकडे कशी आणायची? तर तिथे पूल बांधले, एक रूळ उचलून दुसऱ्यावरून पलीकडे नेणारे. फ्रेंच लोक अशा पुलाला 'मेंढीची उडी' म्हणतात.

अब्बांना हे इतकं आवडलं, की कोलमारमधली रंगीत घरं त्यांनी नीट पाहिलीसुद्धा नाहीत. त्यांचं लहानपण मिरजेत गेलं. तिथे एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज, तिन्ही मापांचे रूळ होते. माप बदललं की माणसं उतरायची, सामान उतरायचं, हमाल ते दुसऱ्या गाडीत भरायचे. ते म्हणाले, "इथे चारही देशांत माप एकच आहे, 1435 मिलिमीटर. बाजू वेगळी असली तर पूल बांधता येतो. माप वेगळं असलं की माणसाला उतरावंच लागतं."

अब्बा रेल्वेबद्दल बोलत होते. मी मात्र विचार करत राहिले, की कायदा हे माप आहे आणि रीतीरिवाज ही बाजू.

पण तिथे सगळं आदर्श आहे, असं समजू नका. फ्रान्सने 1905 मध्ये कायदा करून धर्म आणि सरकार वेगळे केले. तेव्हा आल्सास जर्मनीत होता, म्हणून तो कायदा तिथे आजही लागू नाही. तिथे कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो. त्या यादीत इस्लाम नाही. दुसरीकडे, स्ट्रासबुर्गची मोठी मशीद 2012 मध्ये उघडली, तिच्या बांधकामाला स्थानिक सरकारी संस्थांनी पैसे दिले. नकाशा पाओलो पोर्तोगेसी या इटालियन वास्तुविशारदाचा. जुम्म्याची नमाज अब्बांनी तिथेच पढली. मोरोक्को, तुर्कस्तान, सेनेगल, कुठकुठले लोक होते. अब्बा बाहेर आले ते डोक्यावरची पांढरी टोपी सरळ करत, खुशीत.

आता माझी चूक.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्ट्रासबुर्गहून जर्मनीच्या गाडीत बसलो. मध्ये फक्त ऱ्हाईन नदी. या नदीच्या दोन्ही काठांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना मारत आली. आज लोक ट्रामने पलीकडच्या केलला भाजी घ्यायला जातात. शेंगेन करार 1985 चा. त्यानंतर हळूहळू सीमेवरच्या चौक्या बंद झाल्या. पण सप्टेंबर 2024 मध्ये जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली होती. हे मी वाचलं होतं. गाडी सुटता सुटता मी अब्बांना म्हणाले, "अब्बा, टोपी काढून ठेवा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. टोपी घडी करून खिशात ठेवली.

पूल ओलांडला आणि गणवेशातले दोघं डब्यात आले. प्रत्येकाकडे कागद मागत होते. माझ्या तळहातांना घाम आला. आडनाव, जन्मगाव, विमा, परतीचं तिकीट, सगळ्याची मनात उजळणी सुरू झाली. त्यांनी आमचे पासपोर्ट पाहिले, व्हिसाचं पान पाहिलं, 'डांके' म्हणाले आणि पुढे गेले. पुरता मिनिटभरही नाही. आमच्या समोर विशीतला एक मुलगा बसला होता. त्याच्याशी मात्र ते बराच वेळ बोलले आणि त्याला खाली उतरवलं. त्याच्याकडे कोणता कागद नव्हता, ते मला कळलं नाही. त्याने पाठीवरची पिशवी उचलली तेव्हा तिची चेन उघडीच होती. ती पिशवी अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

गाडी पुन्हा हलली. बऱ्याच वेळाने अब्बा म्हणाले, "बेटा, सिग्नल हिरवा होता. तूच लाल धरलास."

मी म्हणाले, "आणि तो मुलगा?"

"त्याला त्यांनी थांबवलं. मला तू थांबवलंस."

मला यावर उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीपोटी मी माझ्या बापाच्या डोक्यावर हात घातला, हेही खोटं नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आपल्यातली कितीतरी मुलं भाड्याने घर शोधताना, मुलाखतीला जाताना, फोनवर अम्मीशी बोलताना हेच करतात. समोरच्याने काही म्हणायच्या आधीच आपण आवाज खाली आणतो.

व्हिएन्नात मी थोडं वाचलं. ऑस्ट्रियाने 1908 मध्ये बोस्निया आपल्या साम्राज्यात सामील करून घेतला, मुस्लिम प्रजा आली, आणि 1912 मध्ये कायदा करून इस्लामला मान्यता दिली. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं तिथला मुसलमान कायद्याच्या पुस्तकात आहे. 2015 मध्ये तो कायदा बदलला आणि मशिदींच्या नेहमीच्या खर्चासाठी परदेशातून पैसा घेण्यावर बंदी आली, त्यावर वादही झाले. पण वाद घालायलाही हातात कायद्याचं कलम होतं.

बुडापेस्टला टेकडीवर गुलबाबांची कबर आहे. हे दर्वेश 1541 मध्ये वारले. पुढे तुर्कांचं राज्य गेलं, जेझुइट पाद्र्यांनी त्या इमारतीचं चॅपल केलं, आणि नंतर ती पुन्हा दर्गा झाली. आसपास गुलाब लावलेत. अब्बांनी खिशातून टोपी काढून घातली आणि फातिहा पढली. "आपल्या मीरासाहेबांसारखं वाटतं," एवढंच म्हणाले.

शेवटचा दिवस केलेती स्टेशनवर. 1884 ची भव्य इमारत. 2015 च्या सप्टेंबरमध्ये इथेच हजारो निर्वासित अडकले होते. बरेचसे सीरिया आणि अफगाणिस्तानातले. त्यांना गाडीत चढू देत नव्हते. शेवटी शेकडो लोक महामार्गाने ऑस्ट्रियाच्या दिशेने पायी निघाले. आम्ही ज्या रुळांवरून तीन तासांच्या आत आरामात आलो होतो, त्यांच्याच दिशेने. आमच्याकडे व्हिसाचं एक पान होतं, त्यांच्याकडे नव्हतं. अब्बा फलाटावर बराच वेळ उभे होते. टोपी डोक्यावरच होती. या वेळी मी काही बोलले नाही.

तर, प्रवास करा. पैसे साठवा, कागद चोख ठेवा, जाल तिथला कायदा वाचा. कुणाला खाली उतरवलं तर मान फिरवू नका. पण सिग्नल पडायच्या आधी स्वतःच लाल बावटा धरू नका, स्वतःसाठी नाही आणि घरातल्यांसाठी तर नाहीच.

अब्बांना आता काश्मीरच्या रेल्वेतून चिनाबचा पूल पाहायचा आहे. तिकिटं मी काढणार आहे. डोक्यावर काय घालायचं, ते तेच ठरवतील.